वन्संचा रविवारचा पेला

वन्सं, सकाळपासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. कुकर लावला आणि शिट्टी ठेवायची विसरले. अंगण झाडून झालं, पुन्हा झाडलं. शेजारच्या मीनानं विचारलं, "काकू, कुणी यायचंय का?" आता कोण यायचंय? जायचंय ते मलाच. आपण शिरूरला राहायला आलो, तरी उद्या तुमची शोकसभा आहे ती कवठ्यालाच, आपल्या गावात.

आप्पांचा दोनदा फोन येऊन गेला. माजी सरपंच असले तरी गावातलं कार्य म्हटलं की पुढं तेच. त्यांनी फ्लेक्स छापून आणलाय. तुमचा तो शाळेतून निवृत्त झालात त्या दिवशीचा हार घातलेला फोटो आणि खाली 'दारूबंदीची रणरागिणी'. तुम्ही असतात तर आधी 'ही रणरागिणी कुणी सुचवली' म्हणून विचारलं असतंत आणि मग शुद्धलेखन तपासलं असतंत. आप्पा म्हणाले, "वहिनी, भाषणं व्हत्याल. शेवटाला समद्यांनी हात वर करून दारू न पिण्याची शपथ घ्यायची, आन् ती तुमी द्यायची. बाईंच्या घरचं आता तुमीच." मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. तिथं डाळीच्या डब्यामागं तुमची अर्धी बाटली उभी आहे. तेव्हापासून मी अशी घरातल्या घरात येरझाऱ्या घालते आहे.

शपथ द्यायला माझी हरकत नाही. मी आयुष्यात थेंब चाखलेला नाही आणि चाखणारही नाही. पण तुमच्या नावानं ती शपथ द्यायची, तर मग रविवारच्या त्या पेल्याचं काय करायचं?

तुमच्या भावाचं दारूनं काय झालं, ते तुम्ही आणि मी सोडून कुणाला नीट माहीत नाही. किंवा सगळ्यांना माहीत आहे. आपण लोकांना कावीळ सांगितली. आपल्याकडं माणूस दारूनं गेला की घरचे कावीळच सांगतात आणि ऐकणारेही 'वाईट झालं' म्हणून मान हलवतात. पुढं गावातलं देशीचं दुकान बंद करायला तुम्ही बायका गोळा केल्यात, तेव्हा तुम्हाला माइकवरून खरं काय ते सांगायचं होतं. "सुमन, स्वतःच्या घरातलं झाकून मी दुसरीच्या घरातलं कोणत्या तोंडानं विचारू?" मी तुमचे पाय धरले. म्हटलं, वन्सं, घरची अब्रू वेशीवर टांगू नका. विधवा म्हणून मला या गावात राहता येईल, दारुड्याची विधवा म्हणून नाही राहता येणार. तुम्ही ऐकलंत. मतदान झालं, बायकांनी बाटली आडवी केली, दुकानाला कुलूप लागलं. पण तो वाद काही मिटला नाही. तुम्ही रागावलात की पुढंही म्हणायचात, "तू माझ्या तोंडावर हात ठेवलास." आणि मी म्हणायची, "बरं झालं ठेवला."

अशी तुम्ही बाई. मंजूच्या बाळंतपणाला पोर्तुगालला गेलात आणि परत आल्यावर लेकीचं, नातवाचं सांगायचं सोडून मला दुकानाचं सांगत बसलात. तिथं वाईन किराणा दुकानात दुधाशेजारी ठेवलेली असते म्हणे. रंगीत पाण्याच्या बाटलीपेक्षा स्वस्त. मंजूच्या शेजारची एक म्हातारी दुपारी तुम्हाला जेवायला बोलवायची. तुम्हाला तिची भाषा येत नव्हती, तिला तुमची. ती नवऱ्याला एक पेला ओतायची, स्वतःला एक, तुम्हाला एक. मग बाटलीला बूच लावून कपाटात. "तिनं बूच परत लावलं, सुमन. आणि नवऱ्यानं मागितलीही नाही." तुमचा आवाज असा झाला होता की मला भीती वाटली. "म्हंजी काय?" मी विचारलं. "म्हणजे एवढंच, की बूच परत लावता येतं." मी ताटावरून उठले. त्या दिवशी मला तुमचा इतका राग आला होता की दोन दिवस मी तुम्हाला चहा दिला तो टेबलावर आपटून.

मंजूनं बॅगेत घालून दिलेल्या, कोंबड्याचं चित्र असलेल्या बाटल्या संपल्या आणि तुमची शोधाशोध सुरू झाली. पहिल्यांदा पुण्यात. मला डोळे दाखवायचे होते, तुम्ही बरोबर आलात आणि परतताना एका काचेच्या मोठ्या दुकानात मला ओढत नेलंत. तिथं त्या म्हातारीच्या घरातली तीच बाटली होती, तेच कोंबड्याचं चित्र. किंमत पाहून तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात. तिथल्या टायवाल्या मुलाला तुम्ही असं झापलंत की जणू तोच अर्थमंत्री. तो बिचारा सांगत होता, मॅडम, यावर केंद्राचा आयात कर आहे, वर राज्याचा आहे, मग डीलरचं कमिशन. "तिथं मजूर पितो ती बाटली इथं कारखान्याच्या मालकालाच परवडणार?" तुम्ही विचारलंत. तो म्हणाला, "हो मॅडम." सरळ उत्तर मिळालं की तुम्ही जास्त चिडायचात. नागरिकशास्त्र शिकवलेली बाई, करावर चिडावं की नाही हेच तुम्हाला ठरवता येईना. शिरूर येईपर्यंत एसटीत तुम्ही स्वतःशीच वाद घालत होतात.

शिरूरमध्ये दुकानात पाय टाकायची सोय नव्हती. बाजारात भाजी घ्यायला गेलं तरी चार जण 'बाई नमस्कार' म्हणून वाकायचे. म्हणून तुम्ही दौंड तालुका निवडलात. न्हावऱ्यावरनं चौफुल्याला एसटीनं जायचं, तिथनं वडापच्या जीपनं यवत. विचारलं कुणी, तर भुलेश्वराला चाललो. महिन्यातून एकदा आपण दोघी भुलेश्वराला जाऊ लागलो आणि आळीत आपली भक्ती गाजली. मीनाच्या सासूनं प्रसाद मागितला तेव्हा आपली पंचाईत झाली. मग यवतच्या हायवेवरचे पेढे घ्यायचे आणि घरोघरी वाटायचे असं ठरलं. मी तुम्हाला म्हटलं, "वन्सं, देवाच्या नावानं खोटं न्हाई चालायचं." तेव्हापासून खरंच डोंगर चढून आधी दर्शन घ्यायचं आणि मग दुकान. गुडघे तुमचे दुखायचे, पण नेम तुम्ही मोडला नाहीत. अर्थात भुलेश्वरासाठी चढत होतात की वाईनसाठी, ते तोच जाणे.

आणि ते दुकान. पाटीवर एवढं थोरलं 'वाईन्स' आणि आत वाईन सोडून सगळं. जाळीमागचा माणूस उठून उभाच राहिला. "बाई, तुमी?" तुमचा विद्यार्थी निघाला, संजय, कवठ्याला मामाकडं शिकायला होता. माझी तर पळून जायची तयारी झाली. तुम्ही मात्र वर्गात शिरल्यासारख्या पुढं गेलात. "भाव विचारायला आलेय." तो गोंधळला. "कशाचा, बाई?" "वाईनचा." "हिथं वाईन कोण पितंय, बाई? पाटीवर नाव हाय तेवढंच." मग तुम्ही त्याला त्या कोंबड्याच्या बाटलीचं विचारलंत. तो हसला. "ती बाटली तिकडनं निगती तवा आपल्यासारकीच असती. बंदरात उतरली की साहेब हुती. आपल्याला न्हाई झेपायची." त्यानं आपल्याकडच्या द्राक्षाची मागवून द्यायचं कबूल केलं. तिच्यावर सरकारचा हात जरा हलका असतो, हेही त्यानंच सांगितलं. "गोड मागवू का, बाई? लेडीजना गोड आवडती."

ती गोड आठवते का? तुम्ही एक घोट घेतलात आणि म्हणालात, हे खोकल्याचं औषध आहे. दुसरी इतकी आंबट म्हणालात की आमटीत चिंचेऐवजी तीच घालू का म्हणून मी विचारलं. एका बाटलीला बूच होतं आणि ते काढायचं यंत्र अख्ख्या शिरुरात कुठं मिळेना. तुम्ही इलेक्ट्रिशियनकडून लाकडात मारायचा स्क्रू मागून आणलात, बुचात पिळलात आणि पकडीनं ओढलंत. बूच अर्धं आत गेलं, अर्धं बाहेर आलं. मग चहाच्या गाळणीनं गाळून स्टीलच्या पेल्यात. मी पदर तोंडाला लावून दारात उभी होते आणि तरी मला हसू आवरेना. बाटलीपुढं मी हसले ते जन्मात पहिल्यांदाच, वन्सं. तुमच्या लक्षात आलं होतं.

मग कधीतरी संजयनं ती साधी लाल मागवून दिली. चकचकीत नाव नाही, चित्र नाही, मुकाट्यानं फिरवून उघडायचं झाकण. तुम्ही बाजरीच्या भाकरीबरोबर आणि मटणाबरोबर घेतलीत. "चालेल," म्हणालात. "त्या म्हातारीची नाही. पण चालेल. आणि आपल्या पेन्शनीत बसेल." तेवढ्यासाठी किती डोंगर चढलो आपण.

तेव्हापासून रविवार ठरला. जेवताना एक पेला आणि मग झाकण बंद. मी समोर बसायची, पण जेवायची नाही. मी पहारा देत होते. तुमच्या भावाच्या बाटल्यांना मी दुधाच्या पिशवीचं रबर लावून ठेवायची, किती उतरली ते कळावं म्हणून. माझ्याही नकळत मी तुमच्या बाटलीला रबर लावलं. पुढच्या रविवारी तुम्ही ओतलंत, झाकण लावलंत आणि रबर स्वतःच्या हातानं खाली सरकवून माझ्यापुढं ठेवलंत. रागावला नाहीत, हसलाही नाहीत. मी उठून आत गेले आणि मोरीत तोंड धुतलं. इतकी वर्षं माझ्या रबराला शिव्याच मिळाल्या होत्या.

एका रविवारी आप्पा न सांगता आले. फाटक वाजलं आणि माझी त्रेधा उडाली. टेबलावर उघडी बाटली. मी ती उचलून मागच्या दारानं बाहेर पडले आणि आप्पा आत बसल्यावर पुढच्या पायरीवर, कुत्री येऊ नयेत म्हणून आपण कुंकवाच्या पाण्याच्या बाटल्या ठेवतो ना, त्यांच्या ओळीत ठेवून दिली. आप्पा तासभर बसले. शाळेला कंपाउंड पाहिजे, पाण्याची टाकी पाहिजे. निघताना पायरीवर थांबून म्हणाले, "बाई, ह्या लाल पाण्यानं कुत्री खरंच येत न्हाईत का?" तुम्ही म्हणालात, "कुत्री येत नाहीत आप्पा, माणसं येतात." ऊन बाटलीवर पडलेलं होतं. ती वाईन वाया गेली आणि तुम्ही माझ्यावर चिडलात. "लपवून लपवून तू चांगल्या गोष्टीचं वाटोळं करतेस." मीही चिडले. "आन् तुमी दुकान बंद करणाऱ्या. तुमाला कुणी बघितलं तर?"

तुम्ही म्हणालात, "मी देशीचं दुकान बंद केलं त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण आपल्या माणसाला दोनच गोष्टी ठाऊक आहेत सुमन, ढोसायचं नाहीतर शपथ घ्यायची. जेवणाबरोबर एक पेला घेऊन उठायचं, हे माझ्या भावाला कुणी दाखवलंच नाही. जे बरं आहे त्यावर कर एवढा की ते काचेच्या दुकानात जाऊन बसलं. आणि त्याच्या वाट्याला जे आलं ते पत्र्याच्या शेडमधलं." मी म्हटलं, "चांगली स्वस्त झाली असती तर त्यांनी चांगली ढोसली असती. त्येंना चव न्हाई, निशा पायजे हुती." तुम्ही म्हणालात, "कदाचित." एवढंच. माझं खरं आहे असं म्हणाला नाहीत आणि तुमचं सोडलंही नाहीत. वन्सं, मला अजूनही वाटतं की मीच बरोबर होते. घरात राहिलेली मी आहे. उलट्या पुसलेली मी आहे. पण रोज भांडी घासताना तुमचं ते 'कदाचित' आठवतं आणि हात थांबतो.

शेवटी दवाखान्यात त्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "पेशंटला काही व्यसन?" मी लगेच "नाही" म्हटलं, एवढ्या जोरात की शेजारच्या खाटेवरच्यानं मान वळवली. तुमच्या तोंडावर मास्क होता. तुम्ही डोळ्यांनी हसलात. त्या हसण्यात चेष्टा होती की निरोप होता, ते विचारायचं राहिलं. तुम्हाला सांगायचं होतं ते तर त्याहून राहिलं. रविवारी मी समोर बसायची ती सुरुवातीला पहारा म्हणून, पण नंतर नंतर मला ते बसणं आवडायला लागलं होतं. एक माणूस पेला घेतं आणि गोड बोलत राहतं, हे मला ठाऊकच नव्हतं. हे सांगितलं असतं तर तुम्ही जिंकल्यासारखं झालं असतं, म्हणून नाही सांगितलं.

इथवर लिहून मी उठले होते. आता सभा होऊन गेली.

मंडप भरला होता. तुमचे विद्यार्थी, दारूबंदीच्या गटातल्या बायका, पोरंबाळं. आप्पा चांगलं बोलले. सगळेच चांगलं बोलले, इतकं चांगलं की ती बाई कोण हे मला ओळखू येईना. तिला गुडघे नव्हते, राग नव्हता, ती एसटीत भांडत नव्हती. मग आप्पांनी माझ्या हातात माइक दिला आणि लोकांनी हात वर केले. मी 'आम्ही सर्वजण' म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून वेगळंच निघालं.

मी म्हटलं, "हात खाली घ्या. मी शपथ देणार न्हाई. आमच्या वन्सं रविवारी जेवताना एक पेला वाईन घ्यायच्या. यवतवरनं आणायच्या. मी बरोबर असायची. एकच घ्यायच्या, दुसरा कधी घेतला न्हाई."

मागं एक पोरगं हसलं, त्याला आईनं चापट मारली. आप्पा हळूच म्हणाले, "वहिनी, बसा तुमी. दुख्खात हायसा." मला बसायचंच होतं, वन्सं. पण वाटलं, एवढं तुमचं उघडं पाडलं आणि आपलं झाकून बसले, तर तुमच्यावर अन्याय केल्यासारखं होईल.

म्हणून पुढचंही सांगितलं. "आन् त्येंचा भाऊ, माझा मालक, काविळीनं गेला न्हाई. दारूनं गेला. वन्संना हे तवाच सांगायचं हुतं. मी सांगू दिलं न्हाई." आणि मग बसले.

सभा कशी संपली ते मला नीट आठवत नाही. आप्पांनीच दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली. चहा आला. बायका माझ्याजवळ यायला बिचकत होत्या, मीही मान वर केली नाही. वाटत होतं, झालं, इतकी वर्षं सांभाळलेलं सगळं एका दुपारी मातीत घातलं. तुमचंही आणि माझंही.

गर्दी पांगली तेव्हा एक पोर जवळ आली. नवीनच लग्न होऊन आलेली असावी, मी तिला पूर्वी पाहिलेलं नव्हतं. चहाचे कप गोळा करायच्या निमित्तानं खाली वाकली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "काकू, आमच्याबी घरात कावीळच हाय. पन माणूस आजून जित्ता हाय."

मी तिचा हात धरला. नुसता शिरूरचा पत्ता सांगितला आणि रविवारी ये म्हटलं. ती येईल. तिच्याशी बोलायला तुम्ही हव्या होतात.